मार्चपर्यंतचं जेवण

बारावीची गुणपत्रिका घ्यायला मी आर्वीला गेले, तेव्हा गणिताच्या सरांनी मला ऑफिसच्या दारातच गाठलं. मी वर्गात पहिली आले होते आणि त्याचा आनंद माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त झाला होता. त्यांनी खिशातून वहीचा एक कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर तीन कॉलेजांची नावं होती. पहिलं नागपूरचं, दुसरं अमरावतीचं, तिसरं वर्ध्याचं. तिसऱ्याच्या पुढे कंसात लिहिलं होतं, ‘नाइलाज झाला तर’.

“कंसातलं वाचू नको,” सर म्हणाले. “पहिल्याचाच फॉर्म भर. तुला फी माफ होईल, वर शिष्यवृत्ती मिळेल. घरून एक पैसा न्यावा लागणार नाही.”

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. रोहण्यापासून दोन कोसांवर आमचं खेडं. घरी चार एकर कोरडवाहू जमीन. स्वतःच्या वावरातलं काम आटोपलं की माय आणि बाबा दुसऱ्यांच्या वावरात जात. मी आर्वीला मावशीच्या घरी राहून बारावी केली होती. आता मला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं होतं, आणि सरांचा कागद हातात आल्यावर ते झालंच, असं मला वाटायला लागलं.

सगळ्यात आधी उत्पन्नाचा दाखला हवा होता. त्यासाठी बाबा मला घेऊन पटवाऱ्याकडे गेले. पटवारी घरच्या ओट्यावर कागद पसरून बसला होता आणि गावातले चार-पाच जण तिथे आपापल्या कामासाठी टेकले होते.

“बोल गा,” पटवारी म्हणाला, “सालचं उत्पन्न किती लिहू?”

बाबांनी एकदा बसलेल्या लोकांकडे पाहिलं, छाती थोडी पुढे काढली आणि असा आकडा सांगितला की मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. आमच्या घरात तीन वर्षांचं मिळून तेवढं येत नसेल.

पटवाऱ्यानं पेन खाली ठेवला. “एवढं लिहिलं तं पोरीले शिष्यवृत्ती भेटन का? उलट सरकार तुह्याचपासून वसूल कराले येईन. तुहा सातबारा माह्या कपाटात हाये, मले नोको सांगू.”

“मंग लिहा तुमच्या मनानं,” बाबा म्हणाले, “पण गरीब नोका लिहू.”

“गरीब कोन लिहून राह्यला? मी आकडा लिहून राह्यलो.”

ओट्यावरचे सगळे हसले. बाबाही शेवटी हसले. पण परतताना मला म्हणाले, “पोरगी कॉलेजात चालली अन् तिच्यासमोर, चार लोकाईसमोर मी कमी सांगू? जीभच नाई वळली.” त्यांची ती चूक मला त्या वेळी फार वेडगळ वाटली होती.

दाखला आला आणि आम्ही दोघं नागपूरला निघालो. रोहण्याहून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं पुलगाव आणि पुलगावहून पॅसेंजरनं नागपूर. बाबा त्याआधी नागपूरला एकदाच गेले होते, छपन्न साली, दीक्षा घ्यायला. तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या डोक्यातल्या नागपूरच्या मधोमध दीक्षाभूमी होती आणि बाकीचं शहर तिच्या भोवताली कुठे तरी होतं. “दीक्षाभूमीपासून मले सारं मालूम हाये,” असं ते गाडीत तीनदा म्हणाले. स्टेशनवर उतरल्यावर ते कुणाला पत्ता विचारू देईनात. आम्ही पायी पायी दीक्षाभूमीवर गेलो, वंदन केलं, झाडाखाली बसून पाणी प्यालो आणि मग बाबांनी एका पोलिसाला कॉलेजचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “स्टेशनवरून आलात ना? मग तिकडेच होतं की. जवळच.”

आम्ही पुन्हा तेवढंच चाललो.

कॉलेज मात्र बघण्यासारखं होतं. दगडी इमारत, समोर हिरवळ, आणि दर्शनी भागाला दोन माणसांच्या कवेत न मावणारे खांब. बाबांनी एका खांबाला हात लावून पाहिला. खिडकीतल्या कारकुनानं माझी गुणपत्रिका वाचली आणि तो आदरानं बोलला. प्रवेश नक्की मिळेल. फी भरावी लागणार नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म इथूनच जाईल.

“शिष्यवृत्ती कधी येते?” मी विचारलं.

“फेब्रुवारीत. कधी मार्चही उजाडतो.”

“आणि राहायचं?”

“होस्टेलची यादी ऑगस्टमध्ये लागेल. नाव आलं तर खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे.”

“होईन, होईन,” बाबा मध्येच म्हणाले. “करू आमी.” आणि त्यांनी मला खिडकीपासून बाजूला घेतलं. तिथेही त्यांची जीभ वळत नव्हती.

घरी आल्यावर बाबांनी मायला सगळं सांगितलं, म्हणजे खांबांबद्दल सांगितलं. खांब किती उंच, किती जाड, एका खांबाला किती दगड लागले असतील. माय शेंगा निवडत ऐकत होती. ते थांबल्यावर तिनं मला विचारलं, “पैसे कवा भेटतीन?”

“मार्चमध्ये.”

“अन् कॉलेज कवापासून?”

“जुलैपासून.”

मायनं बोटांवर मोजलं. मग बाबांकडे वळून म्हणाली, “मार्चपर्यंत पोरगी खाईन काय? ते खांब भाजीत टाकाचे का?”

बाबा उठून बैलांना पाणी पाजायला गेले. बैलांना पाणी आधीच पाजलेलं होतं.

मग माय म्हणाली, “मी येतो वर्ध्याले. पाहू तं खरं.” आमच्याकडे बायकाही ‘मी येतो’ असंच म्हणतात. माय शाळेत गेली नव्हती आणि वर्ध्याला कधी गेली नव्हती. मला मनातून राग आला होता. वर्धा कंसातलं होतं. अमरावतीचा फॉर्म मी पत्र टाकून मागवला होता, त्याचं अजून काही आलं नव्हतं. (ते उत्तर माझ्या हाती पडलं तेव्हा मी वर्ध्यात दोन महिन्यांची जुनी झाले होते.)

वर्ध्याचं कॉलेज म्हणजे लांबलचक कौलारू इमारत. आवारात कडुनिंब, एका झाडाला टेकून सायकलींचा ढीग. खांब लाकडाचे होते. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मी आत पाहिलं तर चार नळांपैकी एकातून पाणी ठिबकत होतं आणि एकाच्या गळ्यात चिंधी बांधलेली होती. माझं तोंड आणखी उतरलं.

तिथल्या कारकुनानंही तेच सांगितलं. फी माफ, शिष्यवृत्ती मार्चमध्ये.

“मार्चलेच काऊन येते?” मायनं विचारलं. “सरकार पावसाळ्यात जेवत नाई का?”

कारकून खो खो हसला. मग त्यानं पेन कानामागे खोचला आणि म्हणाला, “मावशी, हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही. सगळे मान डोलावतात, नाव घालतात आणि दिवाळीला पोर सोडून जातं. तुम्ही असं करा, नालवाडीच्या अलीकडे मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथल्या बाईंना भेटा. ते आमच्या कॉलेजचं नाही, पण आमच्या मुली राहतात तिथं.”

आम्ही विचारत विचारत गेलो. मायला विचारायची लाज नव्हती, त्यामुळे एकदाही रस्ता चुकला नाही.

वसतिगृह म्हणजे अंगणाभोवती बांधलेल्या बैठ्या खोल्या, मागे भाजीचे वाफे आणि विहीर. साठीच्या एक बाई, पांढरं खादीचं लुगडं, पदर खोचलेला, विहिरीच्या रहाटाला तेल देत होत्या. आम्हाला वाटलं कामाला आहेत. मायनं विचारलं, “मोठ्या बाई कुठी हायेत?”

“माझ्याहून मोठं इथे कुणी नाही,” त्या म्हणाल्या आणि हात पुसत आल्या.

त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. माझी गुणपत्रिका पाहिली, पण खांबवाल्या कॉलेजातल्यासारखं कौतुक केलं नाही. मायनं आपला प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, “शिष्यवृत्ती मार्चमध्ये येते हे मला ठाऊक आहे. इथल्या एकवीस मुलींपैकी सतरा तशाच आहेत. तोपर्यंत इथे धान्य चालतं. तुमच्या वावरात काय होतं?”

“ज्वारी. तूर. थोडी कापसाची पऱ्हाटी.”

“ज्वारी कशी आहे?”

मायनं मांडीवरचं फडकं सोडलं. आम्ही सकाळपासून जेवलो नव्हतो. फडक्यात चार भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. तिनं भाकर पुढे केली आणि मध्येच तिचा हात थांबला. का थांबला ते मला कळलं. आमच्या गावात अजून काही घरं होती जिथे आम्हाला पाणी वरून ओतत. मायला ते आयुष्यभराचं ठाऊक होतं, आणि या बाईंची बोली, त्यांचं लुगडं, सगळं त्या घरांसारखं होतं.

“आमी बुद्धाचे हाओत,” माय म्हणाली.

“बरं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्धी भाकर मोडून घेतली, वर भाजीही घेतली. सावकाश चावून खाल्ली. “भाजी तिखट आहे. ज्वारी उत्तम.”

मग त्यांनी अटी सांगितल्या. वर्षाची ज्वारी आणि तूर घरून, दोन-तीन खेपांत आणली तरी चालेल. तेल, मीठ, रॉकेल यांचे पैसे शिष्यवृत्ती आली की. स्वयंपाक पाळीपाळीनं मुलींनीच करायचा, भाजीच्या वाफ्यांना पाणीही त्यांनीच द्यायचं. आणि पहाटे पाचला उठायचं.

“पाचले तं ते उठतेच,” माय म्हणाली. मी जन्मात कधी पाचला उठले नव्हते.

निघायच्या आधी माय सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिथे एक मुलगी कांदे चिरत होती. “पोट भरते का वो इथं?” मायनं तिला विचारलं.

ती मुलगी बाईंकडे बघून घाबरली. बाई म्हणाल्या, “खरं सांग.”

“भरते,” ती म्हणाली, “पण वरण लय पातळ राह्यते.”

मायला हे उत्तर फार आवडलं. जिथे पोरी खरं बोलतात तिथे आपली पोरगी ठेवायला हरकत नाही, असं ती परतीच्या गाडीत म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, पुलगाव जवळ आल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तिनं माही भाकर खाल्ली.”

मी अठरा वर्षांची होते आणि मला खांब हवे होते. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चुलीजवळ बसून रडत म्हणाले, “मले नागपूर पाह्यजे.”

“जाजो नं,” माय म्हणाली. “नागपूर काई पळून नाई चाललं. पयले तीन वर्सं जेव, मंग जाजो.”

सरांना सांगायला गेले तेव्हा ते वर्गावर निघाले होते. “कंसातलं वाचू नको म्हटलं होतं ना?” ते म्हणाले.

“सर, मार्चपर्यंत जेवायचं काय, ते कागदावर नव्हतं.”

माझ्या तोंडून हे निघून गेलं आणि मीच दचकले. सर खडू घेऊन वर्गात गेले. मला वाटलं, आता हे माझं तोंड बघणार नाहीत.

जुलैत मी, बाबा आणि दोन पोती वर्ध्याला निघालो. एक पोतं ज्वारीचं, एक लहान तुरीचं. रोहण्याच्या स्टेशनवर छोट्या गाडीचा गार्ड पोत्यांवरून कुरकुरला, पण तोवर प्रवाशांनीच ती आत ओढून घेतली होती. पुलगावला गाडी बदलताना एका अनोळखी पहिलवानानं मदत केली. वर्ध्याला उतरल्यावर मात्र बाबांनी रिक्षा करायला नकार दिला. ज्वारी त्यांच्या डोक्यावर, तूर माझ्या, आणि माझी पेटी आम्ही दोघांनी मध्ये धरलेली. बाबांनी नवं धोतर नेसलं होतं. असे आम्ही भर बाजारातून चाललो.

एका किराणा दुकानदारानं हाक मारली, “काय भाव देता पाटील?”

“इकाची नाई,” बाबा थांबून म्हणाले. “माह्या पोरीची कॉलेजची फी हाये.”

दुकानदाराला काही कळलं नाही. पुढे आणखी दोघांनी विचारलं, त्यांनाही बाबांनी तेच सांगितलं, प्रत्येक वेळी थोडं मोठ्यानं. पटवाऱ्याच्या ओट्यावर न वळलेली जीभ वर्ध्याच्या बाजारात चांगली वळत होती. शेवटी तर कुणी विचारलं नसतानाही त्यांनी एका सायकलवाल्याला सांगितलं. मी लाजेनं अर्धमेली झाले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

वसतिगृहातली बाविसावी मुलगी मी. पहिल्याच आठवड्यात माझी स्वयंपाकाची पाळी आली. घरी पाच जणांच्या भाकरी थापणं वेगळं आणि बावीस मुली व बाई यांच्या थापणं वेगळं. माझ्या जोडीला तीच कांदे चिरणारी मुलगी होती. ती दुसऱ्या वर्षाला होती आणि वरण पातळ का राहतं याचं रहस्य तिनंच मला दाखवलं. कुणाच्या घरची तूर कमी यायची, कुणाची उशिरा यायची, आणि बाई कुणालाच बोलायच्या नाहीत. तेव्हा पातेल्यात पाणी वाढायचं.

कॉलेजचं म्हणाल तर आमच्या रसायनशास्त्राच्या वर्गात आम्ही अकराच जण होतो. नळ एकच नीट चालायचा, पण थेंब मोजून सोडायची ब्युरेट प्रत्येकाच्या हातात यायची. प्राध्यापक चिडके होते. थेंब जास्त पडला की म्हणायचे, “पुन्हा.” मी एकेक टायट्रेशन सात-सात वेळा केलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे द्यायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून नागपूरचे खांब मला आठवले नाहीत, असं म्हणणं खोटं ठरेल. आठवायचे, पण पूर्वीपेक्षा कमी.

पाचला उठायची सवय मला तिन्ही वर्षांत लागली नाही. बाई रोज माझ्या खोलीच्या दारावर तांब्या वाजवायच्या. एकदा मी घरी लिहिलेल्या पत्रात त्यांनी खाली दोन ओळी टाकल्या होत्या, ‘मुलगी अभ्यासात उत्तम. पाचला उठते असं आपण म्हणाला होतात.’ धाकट्या भावानं ते वाचून दाखवलं तेव्हा माय पोट धरून हसली म्हणे.

शिष्यवृत्ती मार्चच्या शेवटी आली. कॉलेजच्या खिडकीपुढे रांग लागली, सही करायची होती. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या बाईंच्या खोलीत गेलो आणि आपापलं देणं देऊन टाकलं. उरलेल्यातून प्रत्येकीनं थोडे थोडे काढले, आणि रविवारी बाईंना न सांगता बाजारातून तुरीची डाळ आणली. त्या दिवशीचं वरण इतकं घट्ट झालं होतं की पळी उभी राहिली. बाईंनी ताटात पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. “वरण कापून वाढा,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

दुसऱ्या वर्षी, जूनच्या अखेरीस, मी भाजीच्या वाफ्यात काम करत असताना कुणी तरी सांगत आलं की आर्वीचे एक सर आले आहेत. मी चिखलाच्या हातांनीच बाहेर धावले. ओसरीवर गणिताचे सर बसले होते आणि त्यांच्याशेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी, गुणपत्रिका छातीशी धरून.

“ही माझ्या बहिणीची मुलगी,” सर म्हणाले. “वडील नाहीत. मार्क बरे आहेत.” मग म्हणाले, “मी नागपूरला जाऊन आलो. तुझा तो प्रश्न मी खिडकीवर विचारला. त्यांनी मला सुट्ट्या पैशांसाठी आलेल्या माणसासारखं बाजूला उभं केलं.”

मी हसू दाबलं. सरांनीच आधी हसायला सुरुवात केली.

जेवणाची वेळ होती. बाईंनी त्यांना पंगतीत बसवलं. सर शांतपणे जेवले, दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. नंतर मला म्हणाले, “प्रयोगशाळा दाखव.” किल्ली माझ्याकडेच होती. मी त्यांना सगळं दाखवलं, चालणारा नळसुद्धा. त्यांनी माझी वही मागितली, पानं उलटली आणि एका गणितात खाली दशांश चिन्ह चुकलेलं होतं ते पेन्सिलीनं दुरुस्त केलं. तेव्हा मला कळलं की त्यांचा राग गेला आहे.

ती भाची माझ्याच खोलीत आली. तिच्या घरी शेती नव्हती, तेव्हा बाईंनी तिच्याकडून धान्याऐवजी वसतिगृहातल्या तीन कच्च्या मुलींना गणित शिकवण्याचं ठरवून घेतलं. ती गणितात पक्की होती, पण भाकर तिला आयुष्यात थापता आली नव्हती. पहिल्या पाळीला तिची भाकर तव्यावर न पडता चुलीत पडली, दुसरी मांजरानं नेली. तिसरी गोल झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाई बाहेरून ओरडल्या, “भाकर झाली आहे, लग्न नाही. वाढा!”